पॅस्कोबाईंचे खडे

आमच्या हॅरोज क्रॉसिंग गावात हॉटेलामागच्या अंगणात त्या वसंतात जी गर्दी लोटली, तशी आमच्या चर्चमध्ये ईस्टरलाही कधी लोटली नव्हती. मेंढपाळ, लोकर कातरणारे, त्यांच्या बायका, बँकेचा मॅनेजर, झाडून सगळे रांगेत. प्रत्येकाच्या हातात काचेची बरणी आणि बरणीत मिठाच्या पाण्यावर तरंगणारे हिरवट, गुळगुळीत खडे. हे खडे ज्याच्या त्याच्या पोटातून निघालेले होते. दगड पाण्यावर तरंगतो कसा, हा प्रश्न एवढ्या गर्दीत एकालाही पडला नव्हता.

"तुमचे किती निघाले?"

"मोजायचं सोडून दिलं बाई. पण हा बघा, कबुतराच्या अंड्याएवढा."

"एवढाच होय? आमच्या ह्यांचा बघितलात तर जेवण जाणार नाही तुम्हाला."

या सगळ्यांच्या मधोमध एका खोक्यावर प्रोफेसर लिओनिडास पिम उभे असत. जांभळं जाकीट, मेण लावलेल्या मिशा, आणि आवाज असा की नदीपलीकडची कुत्री उत्तर देत.

"बंधूंनो आणि भगिनींनो, डॉक्टर तुम्हाला काय देतो? एक जुलाब आणि एक बिल. मी काय देतो? पुरावा! रोग तुमच्या हातात काढून देतो. हे चूर्ण मला अँडीज पर्वतातल्या एका राजानं मरता मरता दिलं."

मरणारे राजे नेमके अशाच माणसांच्या कुशीत डोकं ठेवून का मरतात, हे मला आजवर कळलेलं नाही. प्रोफेसर पेल्यात तेल ओतायचे, त्यात लिंबू पिळायचे आणि वरून ते पांढरं चूर्ण टाकायचे. पेला फसफसून वर यायचा. "बघा, औषध जिवंत झालं," ते म्हणायचे. "आता ते पोटात शिरून खड्यांची शिकार करील." दुसऱ्या दिवशी शिकार बाहेर पडायचीच. मग प्रोफेसरांची एकच सक्त ताकीद असे: खडे मिठाच्याच पाण्यात ठेवायचे. गोड्या पाण्याचा स्पर्श झाला तर त्यांतला विषारी वायू सुटेल आणि घरातलं माणूस जाईल.

हे सगळं मी ऐकत होते, कारण त्या रांगेत सगळ्यात पुढे माझी आई, पॅस्कोबाई, उभी होती. आणि मी गावच्या डॉक्टरची बायको.

आमचे डॉक्टर टलक हे मोठे सज्जन आणि तेवढेच मुखदुर्बळ. घोड्यावर बसून दिवसभराच्या वाटेवर बाळंतपणाला जायचे, आणि मोबदला म्हणून मेंढीची तंगडी खांद्यावर टाकून परत यायचे. आमची लेक एफी सहा वर्षांची होईतो समजत होती की डॉक्टर म्हणजे खाटकाचाच एक प्रकार. त्यांना एकच वेड होतं. ते ज्याला त्याला सांगत, "कुत्र्यांना मेंढीचं कच्चं काळीज घालू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक किडे होतात, आणि कुत्र्यानं तोंड चाटलं की त्यांची अंडी तुमच्या पोटात जातात. मग काळजात पाण्याची गाठ वाढते." लोक हसत. सगळ्यात मोठ्यानं माझी आई हसे, कारण तिचा ड्यूक नावाचा कुत्रा तिच्याच ताटात जेवायचा.

आणि गाठ झाली ती तिलाच. उजव्या बरगडीखाली आधी मुठीएवढी, मग नारळाएवढी. डॉक्टरांनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सासूबाई, पोकळ सुईनं पाणी काढायला हवं. लवकर. आपोआप फुटली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"जावईबापू, मला टोचायला मी काय उशी आहे?" आई म्हणाली. "प्रोफेसरांनी सांगितलंय, ते खडेच आहेत. चार वेळा औषध घेतलं, बरणी भरली. आता शनिवारी प्रदर्शन झालं की मी त्यांच्याबरोबर पुढच्या गावाला जाणार. तिथं मोठं शुद्धीकरण आहे."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. घरात डॉक्टर, आणि बाई निघाली खोक्यावरच्या प्रोफेसराकडे. वरून तिनं ती बरणी आमच्या बैठकीत, डॉक्टरांच्या पुस्तकांशेजारी मांडून ठेवली. आल्यागेल्याला दाखवायची. पुढच्या गावाची वाट म्हणजे खडक आणि खड्डे. त्या घोडागाडीत दिवसभर हिंदकळून ती गाठ टिकेल का, या विचारानं माझी झोप उडाली होती. आईचं आणि माझं रोज एका तरी गोष्टीवरून भांडण व्हायचं, पण ती नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

डॉक्टरांनी स्वतः ते औषध पिऊन पाहिलं होतं. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की ठणठणीत माणसाच्या पोटातूनही बशीभर खडे निघाले.

"तुमच्या पोटातही घाण होतीच म्हणायची," आईनं शांतपणे निकाल दिला. "प्रोफेसर म्हणालेच होते, डॉक्टर लोकांच्या जास्त असते."

डॉक्टर बशीकडे बघत बसले. मग म्हणाले, "हेटी, मिठाचंच पाणी का गं? दगडाला मीठ कशाला लागतं?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मीठ कशाला लागतं ते मला माहीत होतं. आईच्या हाताखाली मी वाढले होते, आणि आई म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात नावाजलेली साबण करणारी. मेंढीची चरबी आणि राखेचं पाणी शिजलं की शेवटी ती मूठमूठ मीठ टाकते. मीठ पडलं की साबण पाण्यातून फुटून वर येतो, तरंगतो आणि घट्ट राहतो.

"अहो," मी म्हटलं, "एक खडा द्या इकडे."

बशीतला खडा कोमट गोड्या पाण्यात टाकून मी चोळला. विषारी वायू काही सुटला नाही. फेस मात्र सुटला. डॉक्टरांनी प्रोफेसरांच्या पेल्याच्या काठावरून बोटावर आणलेलं चूर्ण तपासलं. अँडीजच्या राजानं मरता मरता धुण्याचा सोडा दिला होता. तेल आणि सोडा, आणि शिजवायला माणसाचं ऊबदार पोट.

"आत्ताच सासूबाईंना सांगतो," डॉक्टर उठले.

"बसा. तुम्ही सांगितलेलं तिनं आजवर काय ऐकलंय? मी सांगितलेलं तर मुळीच ऐकत नाही. ती एकाच माणसाचं ऐकते, ती म्हणजे ती स्वतः."

आई दुपारी झोपली तेव्हा मी तिची बरणी रिकामी केली. सगळे खडे कोमट पाण्यात वितळवले, मीठ टाकून परत वर आणले, साच्यात दाबले आणि वास मारायला थोडं लॅव्हेंडरचं तेल घातलं. छोटीशी हिरवट वडी झाली. बरणीत मात्र आमच्या परसातले कोवळे वाटाणे टाकले. घट्ट मिठाच्या पाण्यात कोवळा वाटाणा तरंगतो, हे लोणची घालणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पाद्र्याची बायको आली. आईनं बरणी उजेडात धरली.

"अगंबाई, किती सारखे आहेत," ती बाई म्हणाली.

"पोट नियमित असलं की खडेही नियमित येतात," आई म्हणाली. मला स्वयंपाकघरात पळावं लागलं.

शनिवारी गावचं वार्षिक प्रदर्शन होतं. मेंढ्या, मुरांबे, केक, आणि घरगुती साबण. साबणाची परीक्षक दर वर्षी माझी आई. तिचा निकाल म्हणजे निकाल. त्यात वशिला नाही आणि दयामायाही नाही. एका बाजूला प्रोफेसर पिम यांनी आपलं टेबल मांडलं होतं, आणि त्यावर मानाच्या जागी आईची बरणी.

साबणाच्या टेबलावर तीनच वड्या होत्या. नावं झाकलेली. पहिल्या दोन आईनं चटकन उरकल्या. तिसरी, हिरवट, तिनं नाकाशी नेली.

"लॅव्हेंडर घालून काय लपवलंय?" ती म्हणाली. नखानं ओरखडा काढला, भांड्यातल्या पाण्यात बुडवून अंगठ्याखाली चोळला. सगळ्या बायका कान देऊन उभ्या. "चरबी नाही, तेल वापरलंय. शिजला नाही नीट. मिठानं फोडलाय, पण नंतर धुतला नाही. गबाळं काम आहे."

"पण साबणच आहे ना, पॅस्कोबाई?" डॉक्टरांनी मागून विचारलं. एवढंच वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

"साबण नाहीतर काय? हा फेस दिसत नाही तुम्हाला? चाळीस वर्षं साबण करतेय मी. तिसरा नंबर. तीनच आहेत म्हणून."

तिनं आपल्या हातानं वडीला पिवळी फीत लावली.

मग सगळे प्रोफेसरांच्या टेबलाकडे वळले. त्यांनी आईची बरणी उंच धरली. "पाहा! एका भगिनीच्या देहातला हा मृत्यू! मी पकडून बाटलीत कोंडलेला!"

आमचे डॉक्टर पुढे झाले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी बरणीत दोन बोटं घातली, एक खडा काढला, तोंडात टाकला आणि कचकन चावला.

एक बाई मटकन खाली बसली. बँकेच्या मॅनेजरनं टोपी काढली.

"मीठ जरा जास्त झालंय, हेटी," डॉक्टर म्हणाले.

"दूर व्हा!" प्रोफेसर ओरडले. "या माणसानं जालीम विष गिळलंय! माझे खडे मी ओळखतो. सूर्य मावळायच्या आत हा मरणार!"

"नक्की तुमचेच खडे ना?" मी विचारलं.

"बाई, हजारांत ओळखीन."

आईनं तोवर बरणीतला एक उचलला होता. तिनं तो दोन बोटांत दाबला. साल सुटलं, आतून दोन डाळी निघाल्या.

"वाटाणा आहे हा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माझे खडे कुठेत, हेटी?"

"त्या टेबलावर, आई. तू आत्ताच त्यांना तिसरा नंबर दिलास."

आई हळूहळू साबणाच्या टेबलाकडे गेली. वडी परत उचलली, परत पाण्यात चोळली. हातावर पांढरा फेस आला. ती चोळतच राहिली, आणि तिचा चेहरा मला बघवेना. चेष्टा माझीच होती, पण आता ती मला नकोशी झाली.

डॉक्टरांनी कोमट पाण्याचं घमेलं मागवलं. "कुणाचा विश्वास नसेल त्यानं आपापली बरणी आणावी," ते म्हणाले. आज त्यांना कंठ फुटला होता. "तेल आणि धुण्याचा सोडा पोटात गेला की जे होतं ते हे. पेला फसफसतो तो सोड्यात लिंबू पडल्यामुळं. मीठ यासाठी, की माल विरघळू नये. निरोगी माणूस प्याला तरी खडे येणारच. मी स्वतः प्यालोय."

आधी एक बाई आली, मग दहा, मग रेटारेटी. थोड्या वेळानं घमेल्यातून फेस उतू जाऊन गवतावर पसरला. एफी आणि तिच्या मैत्रिणी त्यात बुडबुडे काढू लागल्या. काल जे कौतुकानं उजेडात धरत होते, ते आता बरण्या शालीखाली लपवत होते. प्रोफेसर पिम टेबल, खोकं आणि अँडीजचा राजा तिथंच टाकून हॉटेलच्या मागल्या दारानं पसार झाले. खोलीत राहिलं ते त्यांचं जांभळं जाकीट. त्याच साबणानं धुऊन ते मी ड्यूकच्या अंथरुणाला घातलं.

आई एका बाकावर बसली होती. डॉक्टर तिच्या शेजारी जाऊन बसले, काही न बोलता. ते त्यांना चांगलं जमतं.

"जावईबापू," ती म्हणाली, "साबण करायला मला माझं पोट कशाला हवं होतं? मोठं पातेलं आहे की घरात." आणि मग, "ती सुई कुठंय तुमची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डॉक्टरांनी सुई घातली. मी आईचा हात धरला होता. सुईच्या नळीतून झऱ्यासारखं स्वच्छ पाणी आलं. भांडंभर. आईच्या बरगडीखालचा नारळ डोळ्यांदेखत बसत गेला. डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला आणि भांडं उचलून नेऊ लागले.

"थांबा," आई कण्हत म्हणाली. "ते इकडे आणा."

"कशाला, सासूबाई?"

"हेटी, चिमूटभर मीठ आण. आणि कोमट पाणी. हे तरी खरं आहे का बघू दे मला."

मी आणलं. तिनं पडल्या पडल्या बघितलं. फेस आला नाही, काही फुटून वरही आलं नाही. तिनं मान डोलावली आणि डोळे मिटले. आमच्या डॉक्टरांवर लोकांनी आयुष्यात पुष्कळ आभाराचे शब्द उधळले, पण त्या तपासणीइतका आनंद त्यांना कशाचाच झालेला मी पाहिला नाही.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. ड्यूकला काळीज शिजवूनच मिळू लागलं, आणि जेवायला स्वतःचं ताट. आमच्या गावातली माणसं मूर्ख नव्हती, हे मला सांगायचंय. माझी आई तर मुळीच नव्हती. जे ती रोज पातेल्यात ओळखत होती, ते बरणीत ओळखू शकली नाही, कारण बरणी देणाऱ्यानं तिला तपासायची भीती घातली होती. तेवढंच लक्षात ठेवा. जो खरा आहे तो तुम्हाला तपासून बघू नका असं कधी म्हणणार नाही. म्हणून कुणी चमत्कार हातात ठेवला, तर हात जोडायच्या आधी कोमट पाणी मागा.