नांगराचा निळा बूट

मित्रांनो, मी एक जुना कापडी बूट आहे. डाव्या पायाचा. रंग गडद निळा, कडेला पांढरी शिवण, दोरखंडासारखी पिळाची नाडी आणि बाजूला पितळेचा छोटासा नांगर. आम्हा दोघा भावांना कारखान्यात शिवलं, तेव्हा खलाशी थाटाच्या कपड्यांची आणि बुटांची मोठी लाट आली होती.

माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर ती चष्मे चढवायची, पण तिची स्वतःची नजर आधी त्यांच्या पायांकडे जायची. बुटांचं वेडच होतं तिला! आम्हाला काचेआड पाहिलं आणि ती जागची हलेना. घरी नेल्यावर तिचे यजमान हसून म्हणाले, "अगं, हा नांगर कशाला? शेतबीत घेतलंस की काय?"

"अहो, जहाजाचा नांगर आहे तो!"

"जहाज? गच्चीवरची टाकी सोडली तर आपल्याकडे पाणी कुठाय?"

"हसा खुशाल. समुद्र लांब आहे म्हणून पायांनी मिरवायचंही नाही का?"

पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, पांढरी विजार आणि खाली आम्ही! गिऱ्हाइकं चष्मा विसरून विचारायची, "बूट कुठून घेतलेत हो?" तेव्हा नाडीखालची माझी कापडी जीभ अभिमानाने ताठ व्हायची.

पण लाट ती लाटच. आली तशी ओसरली. टोकदार बूट आले, मग उंच टाचांचे आले. आमची रवानगी पलंगाखालच्या खोक्यात झाली. तिथे ना ऊन, ना वारा. कापडावर बुरशी चढली, नांगर काळवंडला, तळाचा डिंक सुकून गेला. ती काही वाईट नव्हती, मित्रांनो. नव्याच्या नादात विसरली, इतकंच.

मग एकदा दुकानाच्या पायरीवर तिची उंच टाच मुरगळली आणि डावा घोटा मोडला. प्लास्टर निघालं, पण सूज राहिली, आणि भीती सुजेहून मोठी. डॉक्टर म्हणाले चाला, पण ती खुर्ची सोडेना. लेकीने कपाटातला एकेक जोड आणून पाहिला. एकही पायात चढेना.

"देऊन टाक सगळे," ती म्हणाली. "संपलं माझं मिरवणं."

तेव्हा यजमानांनी पलंगाखालून आमचं खोकं ओढलं. माझं कापड वापराने सैल पडलं होतं. नाडी पार मोकळी केल्यावर तिचा सुजलेला पाय अलगद माझ्यात आला. ती उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं, आणि माझा तळ 'आ' वासून सुटला! लेकीने सावरलं म्हणून ती पडली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फेकून द्या हो तो," ती रडत म्हणाली.

"उसवलाय तो बूट," यजमान म्हणाले. "तू नाहीस."

त्यांनी कारागिराकडून माझा तळ दोऱ्याने पक्का शिवून आणला. बुरशी झटकली, आम्हाला उन्हात ठेवलं, लिंबाने नांगर घासला. मग जमिनीवर बसून स्वतः माझी नाडी बांधली.

"घट्ट झाली का गं?"

"नाही."

"मग चल."

खोली ओलांडली. ओसरी ओलांडली. फाटकाला हात टेकून ती धापा टाकत हसली. "अहो, उद्या कोपऱ्यापर्यंत जाऊ या."

मित्रांनो, बुटांची हौस जरूर करा. पण हौस फिटली म्हणून आम्हाला अंधारात कोंडू नका. अधूनमधून ऊन दाखवा, सुटलेला टाका वेळीच घालून घ्या. लोक एखाद्याला हिणवायला म्हणतात, 'पायातली वहाण पायातच बरी.' मला मात्र त्यात कसलाच अपमान वाटत नाही. खरंच सांगतो, तिच्या पायातच मी बरा!