तीन आधार, एक कान

तिन्ही पुस्तकांतल्या फोटोत तिचा डावा कान अर्धाच दिसतो. फोटोची कड कानाच्या पाळीवरून गेली आहे, तिन्ही ठिकाणी नेमकी एकाच जागी. सकाळपासून मी तिथे पट्टी लावून पाहत होते.

आमच्या शालेय चरित्रकोशात ती पहिल्यांदाच येणार होती. घरकामगार बायकांची संघटना बांधणारी, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर भांडलेली कार्यकर्ती. नाव छापण्याआधी तीन प्रकाशित आधार हवेत, हा आमच्याकडचा नियम; ते तपासून पान छापायला सोडणं हे माझं काम. ते संपादक ताईंनीच काढून दिले होते. तिन्हींत तिच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव होतं.

मात्र ग्रंथालयातून तिची स्वतःची एक जुनी पुस्तिका मला मिळाली होती. मला मारणाऱ्या माणसाचं आडनाव मी कोर्टाच्या दारातच टाकून आले, यापुढे मला आईच्या आडनावानं ओळखा, असं तिनं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. त्यानंतरचे तिचे जे लेख हाती लागले, ते सगळे आईच्याच आडनावानं छापलेले.

एका बाटलीतून तीन थेंब काढून तपासले तर ती तीनदा केलेली तपासणी होत नाही, हे प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून काल सकाळी मी संदर्भसूच्या उघडल्या होत्या. दोन पुस्तकांनी नाव आणि फोटो तिसऱ्यातून घेतला होता. तिसरं पुस्तक ताईंचं होतं. त्यांचं पहिलं.

काल दुपारी हे सांगायला म्हणून ताईंच्या खोलीत गेले आणि रजेचं काहीतरी विचारून परत आले. माझी नोकरी होती ती प्रयोगशाळा बंद पडल्यावर मी घरी बसून होते, तेव्हा याच बाईंनी मला बोलावून कामाला लावलं होतं.

मांडणीकार दारात येऊन उभा राहिला. "शंकाबाई, सोडताय का पान? छापखाना माझ्या जिवावर उठलाय."

"थोडं थांबा."

"थांबून थांबून पुतळा झालाय माझा. आता कबुतरं तेवढी बसायची राहिलीत."

मला हसू आलं नाही. त्याच्या मागून ताई आल्या.

"काय गं, घोडं कुठं अडलंय?"

"नावाशी, ताई." मी पुस्तिका पुढे केली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ही मला तेव्हा मिळाली नव्हती," त्या म्हणाल्या. "पण लोक तिला त्याच नावानं ओळखतात ना. मुलं शोधणार कशी?"

"जुन्या नावापुढे 'आईच्या आडनावाखाली पाहा' अशी नोंद ठेवता येईल."

"आणि बाकीचे दोन आधार?"

"ते तुमच्या पुस्तकावरूनच घेतलेत."

मांडणीकार एकदम मोबाइलमध्ये शिरला. ताईंनी पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्यामुळे तिला त्या माणसाचं नाव चिकटलंय, असं म्हणायचंय तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. जीभ तयारही झाली होती.

"हो," मी म्हणाले. "आणि हे पान मी सोडणार नाही. तिच्या आईचं आडनाव लावा, मगच छापायला जाऊ दे."