साफ केलेला आलेख

"कॉलर नीट बसली का बघ गं मागून," हे आरशासमोर उभे राहून म्हणाले. चौकशी माझ्या दादाची होती आणि नटणं ह्यांचं चाललं होतं.

आमचे हे बस बनवणाऱ्या कंपनीत संगणकावर गिअरबॉक्सचं भविष्य सांगतात. चालत्या बसच्या शाफ्टवर किती जोर पडतो ते मोजायचं, त्याचा आलेख काढायचा आणि गिअरचे दात कधी झिजतील, कधी तुटतील ते आधीच सांगायचं. दादा त्याच कंपनीत कामगारांची बस चालवतो. ज्या गिअरबॉक्सला ह्यांनी बारा वर्षं बहाल केली होती, तो दादाच्या हातात तिसऱ्याच वर्षी भर चढावर तुटला. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण कंपनीला दोषी हवा होता, आणि ड्रायव्हरइतका सोयीचा माणूस दुसरा कोण?

"त्या उड्यांचं सांगणार ना आज?" मी कॉलर ओढत विचारलं.

आलेखात मधेमधे उंच उड्या होत्या. मोजणीतला कचरा म्हणून ह्यांनी त्या पुसून टाकल्या. ते चढावरचे खरे धक्के होते, हे मागाहून कळलं. तरी पुसलेल्या त्या पुसलेल्याच राहिल्या, कारण मोठ्या साहेबांना आलेख स्वच्छ लागतो. हे सगळं ह्यांनीच मला जेवताना सांगितलं होतं, वर हसून.

"उड्या धरल्या तर आयुष्य तीन वर्षांवर येतं," हे म्हणाले. "मग सगळे मलाच धरतील. वेळ बघून बोलेन."

ह्यांची ती वेळ लग्न झाल्यापासून यायचीच आहे.

संध्याकाळी दादा आला, नोकरी गमावून. तरी येताना आमच्यासाठी केळी आणली होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

"जावईबापू काय मुद्देसूद बोलले गं," दादा म्हणाला. "मला आपलं वाटायचं, मी गाडी जपून चालवतो. पण त्यांनी आलेखच दाखवला. गाडीत खोट नाही म्हटल्यावर माझाच पाय चुकत असणार. इतकी वर्षं कुणी बोललं नाही, एवढंच."

मला त्या क्षणी नवऱ्याची किळस आली.

"दादा, तुझा पाय नाही चुकला. ह्यांनी त्यातले धक्के पुसलेत."

"तुला काय कळतंय त्यातलं? त्यांचा अभ्यास आहे तो." मग तो अदबीने ह्यांच्याकडे वळला. "एकदा सांगता का, क्लच कसा सोडायचा? दुसरीकडे कुठे लागलो, तर तिथे तरी चूक नको."

आता तरी बोलतील, असं मला वाटलं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, घसा खाकरला.

"हळू सोडायचा," हे म्हणाले. "एकदम नाही."

ह्यांना साधी स्कूटर धड चालवता येत नाही. दादाने मान डोलावली, डावा पाय फरशीवर दाबला आणि हळूहळू उचलत विचारलं, "असा?"