आरतीच्या पोटावरचा फोड

मी रबराची पिशवी बोलतेय. गरम पाण्याची, शेकायची. माझ्यामुळं एका बाळंतिणीचं पोट भाजलं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळलं तर म्हणाल, लपवलं.

जामखेडच्या बाजारातून रंगुबाईनं मला घरी आणलं तेव्हा मी काय तोऱ्यात होते! तिची कंबर, तिच्या मालकांचे गुडघे, शेजारणीची पाठ, सगळं मी शेकलं. पाणी किती गरम आहे, ते रंगुबाई कधी बघायची नाही. समोरचं माणूस "आगं, चटकलं!" म्हणून ओरडलं की मला उचलायची. आमचं मोजमाप तेवढंच, आणि चार वर्षं ते कधी चुकलं नाही.

मग तिची लेक आरती दवाखान्यात बाळंत झाली; रंगुबाईच्या सामानातून मीही तिथं गेले. सिझर झालं. नंतर दुखू नये म्हणून डॉक्टरांनी पोटाच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शन देऊन तिथल्या नसा बधिर केल्या. दुपारी पोरगी चक्क हसत बाळाला पाजत होती. मेहविश सिस्टरनं बजावलं, "आजी, उद्यापर्यंत हिच्या पोटाला काही कळणार नाही. शेक अजिबात द्यायचा नाही हं." रंगुबाईनं मान डोलावली.

सिस्टर गेली आणि आरती सहज म्हणाली, "आई, हितं हात लावला तरी कायबी कळंना गं."

झालं! रंगुबाई ताडकन उठली. "आगं बाई, पोटात गारठा शिरला! बाळंतिणीला शेक न्हाई म्हंजे काय? त्या सिस्टरचं अजून लगीनबी न्हाई, तिला काय ठावं?" थर्मासमधलं कढत पाणी तिनं माझ्यात ओतलं. टॉवेल बाळाखाली होता, म्हणून मला तशीच पट्टीशेजारी ठेवली.

मी वाट बघत होते, आता ओरडेल, मग ओरडेल. आरती बाळाची बोटं मोजत होती.

"चटकतंय का?"

"न्हाई गं."

"बघ, किती गारठलंय!" म्हणत रंगुबाईनं मला आणखी दाबलं. खालची कातडी तापतेय हे मला कळत होतं हो, पण मी पडले पिशवी.

मेहविशनं येऊन मला उचललं, तर खाली तळहाताएवढा फोड. टाके वाचले, डाग मात्र राहिला. "माज्याच हातानं भाजली पोर," म्हणत रंगुबाई कपाळ बडवत होती. हात तिचे होते, पण कढत पाणी माझ्या पोटात होतं.

दीड महिना मी खुंटीला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि मलाही तिच्याकडं बघवत नव्हतं.

काल आरतीची कंबर धरली. "आई, पिशवी आण की."

"न्हाई बाई, मला भ्या वाटतंय."

"आगं, कंबर काय बधिर हाय व्हय?"

रंगुबाईनं पाणी भरून आधी मला स्वतःच्या पोटावर धरून बघितलं. मग टॉवेलच्या चार घड्यांत गुंडाळलं. शेक लागेना म्हणून आरतीनंच दोन घड्या सोडल्या.

बायांनो, माझं एक ऐका. दवाखान्यात बधिर केलेल्या अंगावर मला ठेवू नका. ओरडा ऐकल्याशिवाय कुठं थांबायचं ते मला कळत नाही.

"आगं आई, चटकलं की!" आरती ओरडली. रंगुबाईनं मला झटकन उचललं, उराशी धरलं आणि रडायलाच लागली. "वरड, बाई," ती म्हणाली, "आनखी वरड."