डाव्या दारातला स्पीकर

वेलिच्को उस्तादाचे कान जाऊन चार वर्षं झाली होती आणि यांबोल गावात ही गोष्ट एकट्या एल्काला, त्याच्या लेकीला, ठाऊक होती. जावयाला नुसता संशय होता. ओठ वाचण्यात म्हातारा इतका तरबेज झाला होता की गिऱ्हाईक समोर उभं राहून बोललं तर त्याचा एक शब्द चुकत नसे. पाठ फिरवून बोललं की मात्र सगळा अंधार.

कारटेप दुरुस्त करणाऱ्याचे कानच जावेत, याला काय म्हणावं! पण बापलेकीनं त्यावरही तोड काढली होती. स्पीकर चालतो की नाही हे तो जाळीवर तळहात ठेवून ओळखायचा. आवाज स्वच्छ आहे की खरखरीत, हे जावयाच्या गॅरेजमधल्या ऑफिसच्या खिडकीतून एल्का सांगायची. तिनं अ‍ॅप्रनला हात पुसले की स्वच्छ, केस कानामागे सारले की खरखर. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली होती, "बाबा, मी किती दिवस अशी खिडकीत उभी राहू?" त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

मंगळवारी सकाळी तोशो आला. रविवारी त्याच्या भावाचं लग्न, नवरी आणायला याचीच गाडी पुढे, आणि नेमका डाव्या दारातला स्पीकर मुका. जावई गालिन टायर सोडून उठला. शेजारच्या गाड्या धुण्याच्या दुकानातले दोघं कॉफीचे पेले घेऊन आधीच येऊन उभे होते. आज इतकी गर्दी कशाला, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं आणि गेलं.

"सासरेबुवा," गालिन त्याच्यासमोर येऊन म्हणाला, "लोक म्हणतात तुम्हाला ऐकू येत नाही."

"लोकांना कामधंदा नाही."

"मग हा बिघाड एकट्यानं शोधा. गाडी वाजली की नाही, तेही तुम्हीच सांगायचं. जमलं तर कोपऱ्यातलं ते दुरुस्तीचं टेबल मरेपर्यंत तुमचं. नाही जमलं, तर आजच तिथे टायर लावतो आणि तुम्ही घरी बसून मिरच्या भाजा."

"दुपारच्या आत," वेलिच्को म्हणाला. त्या टेबलावाचून त्याचं गावात काय उरणार होतं? बायको गेलेली, मित्र गेलेले. सकाळी उठावं ते त्या टेबलासाठीच.

त्यानं टेप ओढून काढला आणि मागच्या डाव्या-उजव्या तारा आलटून-पालटून लावल्या. उजवी जाळी तळहाताखाली थरथरली, डावी तशीच मुकी. म्हणजे टेप ठणठणीत होता. मग डाव्या दाराची आतली फळी उघडून त्यानं स्पीकरच्या टोकांना पेन्सिल सेल टेकवला. बोटाखाली कागदी पडदा टुणकन उडाला. स्पीकरही जिवंत. राहिली मधली तार. मीटर लावलं. दार हलवलं की काटा क्षणभर उडायचा, मग पुन्हा मेल्यासारखा पडून राहायचा.

"बिजागरीपाशी तुटलीय," तो मान वर न करता म्हणाला. रबरी नळी सोलली तर आत तार तुटून टोकाला टोक नुसतं टेकलेलं. त्यानं वाकून नवा तुकडा जोडला, सोल्डर मारला, वर पट्टी गुंडाळली आणि दाराची फळी परत बसवली. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं.

"लाव रे गाणं!"

तोशो सीटवर बसला, त्याचा रुंद खांदा टेपच्या आड. त्यानं बटण दाबलं आणि चुटक्या वाजवू लागला. गाड्या धुणारे दोघं एकमेकांचे कमरेचे पट्टे धरून लग्नातली पावलं टाकू लागले. गालिन टायरवर ठेका धरून होता.

वेलिच्कोनं जाळीवर तळहात टेकवला. काहीच नाही. दुसरा हात टेकवला. नाहीच.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. एल्कानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग अ‍ॅप्रनला हात पुसले, सावकाश, दोन्ही.

हात म्हातारे झाले असतील, तो मनाशी म्हणाला. लेक खोटं सांगणार नाही.

"झकास!" तो मोठ्यानं म्हणाला. "खालचा सूरसुद्धा कसा मोकळा लागलाय!"

सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. हसू वाचायला कान लागत नाहीत. तोशो स्टिअरिंगवर डोकं टेकून गदागदा हलत होता. गालिननं पुढे येऊन मूठ उघडली. तळहातावर टेपचा फ्यूज होता. म्हातारा सोल्डरला वाकला होता तेव्हा काढलेला.

"बिघाड तुम्ही बरोबर शोधलात, मानलं," गालिन एकेक शब्द सुटा करून बोलला. "पण बंद टेपमधून ज्याला सूर ऐकू येतात, असा मेकॅनिक मी कसा ठेवू, सांगा ना!"

त्यानं फ्यूज बसवला. वेलिच्कोचे हात अजून जाळीवरच होते. आता तिथे गाणं धडधडायला लागलं, मनगटापर्यंत. काम चोख झालं होतं. मागे टायर घरंगळत टेबलापाशी आले.

तो खिडकीशी गेला.

"एल्का, त्याला तू सांगितलंस?"

चार वर्षांत ती बापाशी एकदाही पाठ फिरवून बोलली नव्हती. आता ती भिंतीकडे वळली, तिचे खांदे हलले, आणि ती बराच वेळ काहीतरी बोलत राहिली.