खडू न धरणारा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझ्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूस, ओंजळीएवढी जागा चकाकते. तिथं खडू चालत नाही, घसरतो. वर्गात नव्यानं येणारी मुलं तिथं नखानं खरवडून बघतात आणि विचारतात, हे काय झालंय? ते सांगायचं तर जन्मापासून सांगावं लागेल.

बहात्तरचा दुष्काळ होता. अहमदपूरच्या शिवारातली आंब्याची झाडं उभ्या उभ्या वाळली. त्यातल्या एका झाडाच्या फळ्या नजीर मिस्त्रीकडे आल्या. "दुष्काळानं वाळवलेलं लाकूड हाय," नजीर म्हणाला, "आता ह्ये जन्मात वाकायचं न्हाई." त्या फळ्या जोडून त्यानं मला घडवलं. बदल्यात नरसिंग पेंटरनं त्याला दुकानाची पाटी रंगवून दिली. दोघांच्याही हाताला त्या साली दुसरं काम नव्हतं.

नरसिंगला मी हवा होतो तो बायकोसाठी. तारामती लग्नानंतर शिकली, बी.ए. झाली. भीमनगरात तेव्हा तेवढं शिकलेली दुसरी सून नव्हती. ती ओसरीत पोरींना इंग्रजी शिकवायची. दर रविवारी नरसिंग बॅटरीचे जुने सेल फोडायचा, आतला काळा मसाला वालाच्या पानांच्या रसात कालवायचा आणि मला काळाभोर करायचा. मी सुकेपर्यंत कोणाला ओसरीत फिरकू द्यायचा नाही.

त्याला स्वतःला मात्र इंग्रजी वाचता येत नव्हतं. चिठ्ठीवर जे दिसेल ते तो चित्रासारखं हुबेहूब काढायचा. म्हणून प्रत्येक पाटी दुकानावर चढण्याआधी आमच्या ओसरीत यायची. रंग ओला असतानाच तारामती कमरेवर हात ठेवून ती वाचायची.

"अहो, शेवटचा एस खाल्ला तुमी."

"एका अक्षरानं काय व्हतंय?"

"टेलर शर्टं शिवतो, तुमी त्याला एकच शर्ट शिवायला लावला. मंग उपाशी मरंल की गरीब!"

नरसिंग हसायचा आणि ब्रश बुडवायचा. तिनं मान हलवल्याशिवाय त्याची एकही पाटी वाळली नाही.

मग लातूर जिल्हा झाला. नरसिंगला उसंत मिळेना. गावभरच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जि. लातूर' लिहायचं. लातूरला नव्या कचेऱ्या उघडणार, जागा निघणार, म्हणून आमची ओसरीही पोरींनी भरली. सगळ्यांत पुढं बसायची ती नजीर मिस्त्रीची बानो.

एका संध्याकाळी तारामतीनं माझ्या डाव्या बाजूला 'स्ट्रेंज' आणि उजव्या बाजूला 'ऑड' लिहिलं, इंग्रजी अक्षरांत.

"बाई, दोन्हीचा अर्थ विचित्रच की," बानो म्हणाली. "मंग दोन शब्द कशाला?"

"नव्या सायबाची जीप पहिल्यांदा गल्लीत आली तवा कुत्री किती भुंकली?"

"लई!"

"आता भुंकतात?"

"न्हाई. आता तिच्या सावलीत झोपतात."

पोरी हसल्या. तारामती म्हणाली, "ती जीप कुत्र्यांसाठी स्ट्रेंज होती. ज्याची ओळख न्हाई ते स्ट्रेंज. ओळख झाली की ते मोडतं. ऑडचं तसं न्हाई. ऑड म्हंजे ओळखीचं असूनबी कुठंतरी बसत न्हाई ते." तिनं स्ट्रेंजच्या खाली जीपचं वाक्य लिहिलं. ऑडखालची जागा कोरी ठेवली. "ह्याचं उदाहरण तुमी आणायचं. पुस्तकातलं नको. घरातलं."

त्या रात्री तिला ताप भरला. तो उतरलाच नाही. उदाहरणं घेऊन पोरी आल्या तेव्हा ओसरीत बायका रडत होत्या.

मित्रांनो, त्यानंतर नरसिंगनं मला कोणाला पुसू दिलं नाही. तिचं तेवढंच अक्षर घरात उरलं होतं. वह्या पोरींच्या होत्या, त्या पोरींबरोबर गेल्या. पोरी वर्गाचं विचारायला यायच्या, तो दारातूनच परत पाठवायचा. एकदा बानो म्हणाली, "चाचा, तुमी हुबेहूब काढता की. कागदावर उतरून घ्या अन् फळा मोकळा करा."

"ते माझं अक्षर व्हईल, पोरी. तिचं न्हाई."

शेजारच्या नीलाबाई भिंतीवरून म्हणायच्या, "नरसिंगा, त्या लाकडाला आता जेवायला वाढ म्हंजे झालं."

तो ऐकायचा आणि आत यायचा, बाहेर जायचा, पुन्हा आत यायचा. बसायचा नाही. कारण खडू टिकत नाही, हे त्याला दिसत होतं. दार आपटलं की माझ्यावरून पांढरी पूड गळायची. त्यानं दाराच्या चौकटीला चिंध्या बांधल्या. वारा सुटला की तो खिडकीला पोतं लावायचा. तरी 'स्ट्रेंज'ची शेपटी झडली, जीपचं वाक्य फिकं झालं. मला हलायचंही भय वाटायचं. मी लाकूड, मला हलता कुठं येतं? पण तुळई कुरकुरली तरी मला वाटायचं, गेलं आणखी एक अक्षर.

शेवटी नरसिंगला त्याच्या धंद्यातली गोष्ट सुचली. पाटी पावसापाण्यात टिकावी म्हणून पेंटर तिच्यावर वॉर्निश मारतो. उभ्या हयातीत त्यानं शेकडो पाट्यांवर ते मारलं होतं. त्या दुपारी त्यानं मऊ ब्रश निवडला, वॉर्निशात बुडवला, श्वास धरला आणि तारामतीच्या 'स्ट्रेंज'च्या पहिल्या अक्षरावरून अलगद फिरवला.

तैलरंगाला वॉर्निश धरून ठेवतं. खडूला धरत नाही. ब्रशाखाली अक्षर विरघळलं आणि पांढरट ओघळ होऊन खाली आलं. त्यानं तो बोटानं अडवायला बघितला, तर पुढची अक्षरंही त्या बोटाखाली गेली.

नरसिंग माझ्यासमोर खाली बसला. ती गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच बसलेला बघत होतो.

वॉर्निशचा वास गल्लीभर गेला असावा. बानो दारात आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या बोटांकडे.

"म्याच पुसलं गं," तो म्हणाला. "साऱ्या गावाच्या पाट्या पुसल्या, त्याचं काई वाटलं न्हाई. अन् जे पुसायचं नव्हतं..."

बानो त्याच्याशेजारी टेकली. माझ्या उजव्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाली, "चाचा, ऑड अजून हाय."

नरसिंगनं वर बघितलं. उजवीकडचा शब्द होता, आणि त्याच्याखालची कोरी जागा.

"त्याचा अर्थ काय सांगितला व्हता तिनं?"

बानोनं सांगितला, बाईंच्याच शब्दांत.

त्यानं त्या कोऱ्या जागेकडे बघितलं. मग म्हणाला, "लोक म्हणतात, आता घर परकं वाटत आसंल. तसं न्हाई. सारं ओळखीचंच हाय. हीच ओसरी, हेच डबे, ह्येच ब्रश. पर पाटी लिहून झाली की मी अजून थांबतो. ती यावी, बघावी, चूक काढावी म्हणून. रंग वाळून जातो." त्यानं नाक पुसलं. "ह्ये चालंल का तुमच्या त्या जागंला?"

"चालंल," बानो म्हणाली. खडू घेऊन तिनं ते इंग्रजीत लिहिलं. तिचा हात जोरात चालत होता, दोनदा खडू मोडला. नरसिंगला ते वाचता आलं नाही. त्यानं उठून प्रत्येक अक्षराखालून हवेतच बोट फिरवलं, शेवटपर्यंत.

"एस राहिला न्हाई ना कुठं?"

"न्हाई, चाचा."

"मंग पोरींना बोलव."

पोरी आल्या. प्रत्येकीकडे आपलं उदाहरण होतं, इतके दिवस सांभाळलेलं. पण डावीकडे ओलं वॉर्निश आणि जीपचं वाक्य, उजवीकडे बानोचं; फळ्यावर जागा नव्हती. सगळ्या नरसिंगकडे बघू लागल्या. त्यानं कोनाड्यातलं तारामतीचं फळा पुसायचं फडकं काढलं, क्षणभर मुठीत धरलं, आणि बानोच्या हातात दिलं.

मित्रांनो, आता ओसरीत बानो शिकवते. नरसिंगचे हात थकले आहेत, तरी रविवारी वालाची पानं तोच आणतो. मला काळं करताना वॉर्निशानं चकाकणारा तो कोपरा तसाच सोडतो. माझी एवढीच विनवणी आहे. फळ्याला जपायचं असेल तर त्याला झाकून ठेवू नका. त्याला पुसा, आणि पुसलेल्या जागी लगेच काहीतरी लिहा. वॉर्निश मारून माझं सांभाळणं झालं नाही, ते त्या फडक्यानं झालं.