मुठीवरची राळ

"खरवड ती! आत्ताच्या आत्ता खरवड!" विठ्ठल मुकादमानं सुरी लुर्दसच्या पुढ्यात आदळली.

ठाण्याच्या खाडीकाठची ती मासळी खारवण्याची वखार. घोळ मासे कापणाऱ्या पंधरा बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

वखारीतल्या सुऱ्या पात्यापासून मुठीपर्यंत सबंध लोखंडाच्या. लाकडी मुठी खाऱ्या पाण्यानं कुजतात, म्हणून मालकानं तशा घडवून घेतलेल्या. पण बुळबुळीत हातात ती मूठ ठरत नसे. नाताळाच्या तोंडावर लुर्दसच्या धाकट्या बहिणीचा, बिट्रिसचा हात मुठीवरून सटकून पात्यावर गेला. तळवा फाटला. जखम भरली, पण दोन बोटं कायमची ताठली. आता ती तिथंच मिठाच्या पाट्या वाहत होती.

लुर्दसनं मग होडीच्या फटी बुजवायची राळ आणली, मेण घालून घरच्या चुलीवर पातळ केली. तापवलेल्या मुठीला ती फासली, वर जाळ्याचं सूत आवळून गुंडाळलं, पुन्हा राळ दिली आणि ओली असतानाच बारीक रेतीत लोळवली. ती मूठ हातात हलेना. ते पाहून आणखी चौघींनी आपल्या सुऱ्या तशा करून घेतल्या.

"मालकाची चीज हाय ती," मुकादम गरजला. "घाण फासलीस तिला!"

"आन् हा हात कुनाची चीज?" लुर्दसनं बिट्रिसचं मनगट धरून वर केलं. "हा फाटला तवा काय म्हनलास? बाई वेंधळी हाय!"

"तोंड सांभाळ!"

लुर्दसनं एक बिनराळेची सुरी माशाच्या आतड्यांत बुडवली आणि त्याच्यापुढं धरली. "घे. एक घोळ काप. एकच. मंग खरवडते."

मुकादमानं हात पाठीमागं नेले. मग एकाएकी त्या पाचही सुऱ्या गोळा करून त्यानं कोलंबी उकडायच्या चुलीत फेकल्या. राळ भडकली.

"चल गं," लुर्दस बहिणीला म्हणाली. बाकीच्या चौघी माना खाली घालून बसून राहिल्या. मुकादमापेक्षा त्याचाच तिला जास्त संताप आला.

त्या दिवसापासून दोघी बहिणी बंदरावर गिऱ्हाइकांची मासळी कापून देऊ लागल्या.

गणपती झाले आणि एका दुपारी मुकादमाची बायको गोदा लुर्दसच्या दारात उभी राहिली. हाताला चिंधी बांधलेली. पदराखालून तिनं सुरी काढली. वखारीतलीच, नवऱ्यानं घरी आणून दिलेली.

"त्यांना ठाव नाय मी आलेली."

लुर्दसच्या कपाळाची शीर उडाली. "का गं? वेंधळी हायस काय तू?"

गोदानं सुरी तशीच पुढं धरून ठेवली. मागं बिट्रिसनं मुकाट्यानं राळेचं मडकं चुलीवर ठेवलं.

मूठ तयार झाली तेव्हा जरा ऊनच होती. लुर्दसनं ती गोदाच्या चांगल्या हातात दिली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी आवळली.

"दाब. आनखी जोरानं. तुझ्या बोटांची जागा होऊ दे."